चार वाजून सात मिनिटं

"हे शेवटचं पार्टिशन कशाला?" मी विचारलं.

ऋजुता गावंडे फळ्यावर लिहिता लिहिता थांबली. मे महिना होता, अमरावतीचा. मीटिंगच्या खोलीतला कूलर घरघरत होता आणि आमचे अधीक्षक अभियंता जिचकार साहेब मान हलवत तिचं ऐकत होते. तिला पुण्याहून येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. एवढ्यात साहेबांनी तिच्या बोलण्यावर किती वेळा मान हलवली, हे मला तोंडपाठ होतं.

"सर, हे डिफॉल्ट पार्टिशन आहे," ती म्हणाली. "ज्या नोंदीला तिच्या तारखेचा कप्पा सापडणार नाही, ती इथं पडेल. म्हणजे काही हरवणार नाही."

आमचं काम असं होतं. पाच जिल्ह्यांतली तीनशे चाळीस सबस्टेशनं. प्रत्येक ठिकाणी ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान, भार, दाब मोजणारी यंत्रं. दर तीस सेकंदांनी ती आकडे पाठवायची. दिवसाला दोन कोटी नोंदी. त्या सगळ्या एका टेबलात, म्हणजे सर्व्हरवरच्या एका लांबच लांब तक्त्यात, जायच्या आणि ते टेबल मी केलेलं होतं. मी, अरविंद काळमेघ. ते केलं तेव्हा पन्नास सबस्टेशनं होती आणि मुंबईहून साहेब लोक ते बघायला आले होते. आता त्यात आठशे कोटी नोंदी साचल्या होत्या. जुन्या पुसायला रविवारचा अख्खा दिवस पुरत नसे आणि कुठला ट्रान्सफॉर्मर तापला, हे पडद्यावर लाल व्हायला चार चार मिनिटं लागत. उन्हाळ्यात चार मिनिटं फार.

ऋजुताचा उपाय सोपा होता. एक भलंमोठं टेबल नको, रोजच्या तारखेचा वेगळा कप्पा हवा. आजचं बघायचं तर फक्त आजचा कप्पा उघडायचा. वर्षापूर्वीचं काढायचं तर तो कप्पाच उचलून बाजूला करायचा, क्षणाचं काम. पुढच्या पंधरा दिवसांचे कप्पे आधीच तयार राहतील, आणि ते करणारा प्रोग्राम तिने लिहूनही ठेवला होता. जुन्या टेबलाला हात लावायचा नाही. येत्या रविवारपासून येणारी प्रत्येक नोंद नव्या टेबलात.

हे मला सुचायला हवं होतं. दोन वर्षांपासून ते माझ्या डोक्यात होतंच, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हतं.

"डिफॉल्टमध्ये कचरा साचेल," मी म्हणालो. "आणि त्यात काही साचलं की प्रत्येक नवा कप्पा करताना डेटाबेस ते सगळं चाळून बघणार. तेवढा वेळ टेबलाला कुलूप. अलार्म अडकले तर जबाबदार कोण?"

तिने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरोबर आहे सर. हे माझ्या लक्षात नव्हतं आलं." तिच्या आवाजात जराही खोच नव्हती, आणि त्याचाच मला राग आला. "मग काय करू या?"

"काढून टाका. तारीख चुकीची असेल तर नोंद घ्यायचीच नाही."

"पण चुकीच्या तारखा येतात का? म्हणजे, यंत्रांचं तुम्हालाच माहीत."

"यंत्रांची घड्याळं आपण इथून जुळवतो," मी म्हणालो.

तिने वहीत लिहून घेतलं आणि फळ्यावरचा शेवटचा चौकोन पुसला. जिचकार साहेब खूश झाले. "बघा, याला म्हणतात अनुभव!" माझी मान ताठ झाली. मग ते उठता उठता म्हणाले, "पण गावंडे, कल्पना मात्र एक नंबर. मुंबईला तुमच्या नावानंच पाठवतो मी."

जेवायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "आज त्या मुलीचं नाव सातव्यांदा घेतलंत तुम्ही."

"मोजत होतीस?"

"दुसरं काही बोलतच नाही आहात."

मी भाकरी तशीच टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावरखेड सबस्टेशनवरून बाबाराव खंडारेचा फोन आला. बाबाराव तिथला ऑपरेटर, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा. सुरुवातीला यंत्रं बसवत मी गावोगाव हिंडत होतो, तेव्हापासूनची आमची ओळख. सावरखेडला गेलो की त्याच्या डब्यातला झुणका-ठेचा खाल्ल्याशिवाय तो सोडायचा नाही.

"सायेब, सकाळी लाईन गेल्ती," तो म्हणाला. "तुमचं डबडं पुन्हा दोन हजार सालात गेलं पाहा. एक जानेवारी दाखवून राह्यलं. बटन दाबून घड्याय लावून देऊ काय?"

"लाव," मी म्हणालो.

"अन् त्याची बॅटरी मेली हाय, हे तुमाले मागच्या सालीच सांगतलं मी. वर सांगा कोनाले तरी."

"सांगतो."

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं. जुन्या बनावटीची एकसष्ट यंत्रं होती, सगळी खेड्यांकडची, आणि त्यांची घड्याळं इथून जुळत नसत. त्यातल्या ज्यांची बॅटरी मेली होती, ती लाईन जाऊन आली की एक जानेवारी दोन हजार ही तारीख लावून आकडे पाठवायची. कुणी घड्याळ लावेपर्यंत. माझं जुनं टेबल ते मुकाट्याने घ्यायचं. नवं टेबल घेणार नव्हतं. आणि नोंदी एकेक येत नसत, सगळ्या सबस्टेशनांच्या मिळून हजार-हजारांच्या गठ्ठ्याने येत. गठ्ठ्यातली एक नोंद नाकारली की अख्खा गठ्ठा परत. परत आलेला गठ्ठा पुन्हा पुढं ढकलला जाणार, पुन्हा नाकारला जाणार, आणि मागचे सगळे त्याच्यापाठी खोळंबणार.

मी खात्री करून घेतली. वर्षभरात दोन हजार सालच्या किती नोंदी आल्या, असं माझ्या टेबलाला विचारलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: अकरा हजार चारशे बारा.

ऋजुता माझ्यापासून तीन टेबलं सोडून बसायची. मान वर केली असती तरी दिसली असती. एक वाक्य पुरलं असतं. मी ती खिडकी बंद केली आणि म्हटलं, उद्या सांगू.

उद्या मुंबईहून फोन आला, तिच्यासाठी. साहेबांनी तो स्पीकरवर लावला. परवा ती चाचणी घेत बसली. चाचणीला तिने शहरातल्या सबस्टेशनांचा डेटा घेतला होता, तिथली यंत्रं नवी. तेही मला दिसत होतं. शुक्रवारी मात्र मी ठरवून उठलो. ती आणि जिचकार साहेब कँटीनमध्ये चहा घेत होते. मी दारापाशी पोचलो, तेव्हा साहेब म्हणत होते, "आपल्या काळमेघांनीच केलं होतं ते. त्या काळी चालून गेलं."

चालून गेलं.

त्यावर ती काहीतरी बोलली, पण मला ते ऐकू आलं नाही. मी तिथूनच परत फिरलो.

रविवारी बदल झाला. सोमवारी सकाळी पडद्यावर अलार्म तीन सेकंदांत लाल होऊ लागला. कंट्रोल रूममधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी पेढे आणले. ऋजुताने पहिला पेढा मला दिला. "तुमच्यामुळं डिफॉल्टची चूक सुधारली, सर," ती म्हणाली. मी पेढा तोंडात टाकला. पुढचे आठ दिवस मी सकाळी ऑफिसात आलो की आधी पडद्याकडे बघायचो. सगळं सुरळीत दिसलं की सुटल्यासारखं वाटायचं. आणि त्याच्या खालोखाल हिरमोड व्हायचा, तोही खराच होता.

पुढच्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास दर्यापूरच्या बाजूला वादळ उठलं. पाऊस नाही, नुसती धूळ आणि वारा. तेवीस सबस्टेशनांची लाईन गेली आणि चार-पाच मिनिटांत परत आली. असं उन्हाळ्यात होतंच. कंट्रोल रूममधल्या मुलींनी फोन फिरवले, कुठं झाड पडलं, कुठं तार तुटली ते लिहून घेतलं. पडद्यावर सावरखेड हिरवं होतं, तेल चौऱ्याऐंशी अंश. सगळाच पडदा हिरवा होता.

मग फोन वाजला. फोनवर सावरखेडचा लाईनमन होता आणि तो ओरडत होता. लाईन परत आली तेव्हा तिथल्या एका ट्रान्सफॉर्मरवर शेजारच्याचाही भार आला होता. तेल उकळलं, वरून फुटलं, पेटलं. तिथला भोंगा दोन महिन्यांपासून बंद होता. सगळी भिस्त आमच्या पडद्यावर. आम्ही कळवलं असतं तर आतल्या खोलीतून एक कळ दाबून भार उतरवता आला असता. कुणी कळवलं नाही. बाबाराव रेतीची बादली घेऊन धावला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून बसला.

"पण इथं तर हिरवं आहे!" जिचकार साहेब पडद्यापुढं उभे राहून म्हणाले. "चौऱ्याऐंशीच दाखवतंय!"

"आकडा हलत नाहीये," ऋजुता म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, कुठलाच आकडा हलत नाहीये. चार सातला थांबलंय सगळं." तिची बोटं कीबोर्डवर पळत होती, आणि नुसतीच पळत होती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. "सरका." एक ओळ लिहिली, तिने फळ्यावरून पुसलेलं डिफॉल्ट पार्टिशन करण्याची. एंटर दाबलं. अडलेले गठ्ठे धाडधाड आत आले. पडद्यावर सहा ठिकाणी लाल पेटलं, मुलींनी सहा ठिकाणी फोन लावले, सहा ठिकाणचा भार उतरला. सगळं मिळून दोन मिनिटं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळमेघ, वाचवलंत." मग ऋजुताकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "पुण्याच्या गोष्टी इथं आणून टाकायच्या आणि माणसं भाजून घ्यायची. हे काय काम झालं?"

तीन महिने मी ज्याची वाट बघत होतो, ते सगळं मला त्या दोन मिनिटांत मिळालं.

चौकशी समिती सोमवारी बसणार होती. शनिवारी दुपारी ऋजुता माझ्या टेबलापाशी आली. ऑफिस अर्धं रिकामं होतं. तिने एक कागद माझ्यापुढं ठेवला.

"जुन्या सर्व्हरची नोंदवही चाळत होते," ती म्हणाली. "जे काम फार वेळ घेतं, तेवढंच त्यात लिहिलं जातं. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन चाळीसला, तुमच्या नावानं दोन हजार सालच्या नोंदी मोजल्या गेल्यात."

मी कागदाकडे बघत राहिलो.

"पटकन झालं असतं तर नोंद राहिली नसती. एकोणीस मिनिटं लागली, सर."

माझ्या टेबलाला लागली होती ती एकोणीस मिनिटं.

"हे मी कुणाला दिलेलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, बघितलं असेल तुम्ही आणि कामाच्या गडबडीत सांगायचं राहिलं असेल. विसरला होतात ना?"

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती मला सापळ्यात पकडायला आली नव्हती. तिला खरंच 'हो' ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

"मला वाटलंच." तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ठेवा तुमच्याकडे. तपासायचं काम माझं होतं."

सोमवारी समितीपुढं ती तेच बोलली. तीन माणसं होती. मधोमध मुंबईहून आलेल्या सुखटणकर बाई. ऋजुताने सगळं स्वतःवर घेतलं. "यंत्रांची तारीख मी तपासली नाही, खेड्यातल्या यंत्रांवर चाचणी घेतली नाही, डिफॉल्ट काढण्याचा अंतिम निर्णय माझा." माझं नाव तिने एकदाच घेतलं. "काळमेघ सरांनी दोन मिनिटांत दुरुस्ती केली नसती, तर आणखी सहा ठिकाणी हेच झालं असतं."

जिचकार साहेबांनी लगेच री ओढली. "मॅडम, यांच्या कामगिरीची अहवालात वेगळी नोंद व्हावी, असं मला वाटतं."

"करू या," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं. "काळमेघ, वेळा तेवढ्या सांगा. सावरखेडचा फोन चार वाजून अठरा मिनिटांनी आला. चार वीसला तुम्ही दुरुस्ती केलीत. बिघाड तुमच्या लक्षात कधी आला?"

चार अठरा, एवढंच म्हणायचं होतं. सगळे तेच धरून चालले होते. पेन कागदावर टेकलेलं होतं. मी ऋजुताकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्यासाठी हलकेच मान हलवत होती, सांगा, असं.

"चार वाजून सात मिनिटांनी," मी म्हणालो.

"चार अठरा म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. चार सात. आकडे थांबले त्याच क्षणी मला दिसलं. मी त्या दिवशी दुसरीकडे बघतच नव्हतो."

कूलरच्या पाण्याचा थेंब थेंब आवाज येत होता.

"मग अकरा मिनिटं तुम्ही काय करत होता?" बाईंनी विचारलं.

"बसलो होतो."

"म्हणजे?"

"कुणीतरी मला विचारावं म्हणून थांबलो होतो. साहेबांनी म्हणावं, काळमेघ, जरा बघा. पाच मिनिटांत कुणाच्यातरी लक्षात येईल, असं वाटलं होतं. आलं नाही. मग वाटलं, अजून एक मिनिट." मी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "आणि हे मी विसरलो नव्हतो. बाबाराव खंडारेनं फोन करून मला सांगितलं होतं. तेव्हापासून मला माहीत होतं."

जिचकार साहेब खाली बघत होते. बाईंनी कागद उलगडला. मी ऋजुताकडे बघितलं, तिला काय वाटलं ते बघायला. खोटं कशाला बोलू, ती आता मला मोठ्या मनाचा म्हणेल का, तेही बघायला. तिची मान हलायची थांबली होती. कागदाची गोष्ट तिने पोटात घातली होती. अकरा मिनिटांचं तिला माहीत नव्हतं.

"मी तुमच्या समोर बसले होते," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "तीन टेबलं सोडून."

ती उठली, बाईंची परवानगी घेतली आणि बाहेर गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. मला चार महिने घरी बसवलं, मग अचलपूरच्या बाजूला यंत्रांच्या देखभालीवर पाठवलं. डेटाबेसला पुन्हा हात लावायचा नाही, असं लेखी दिलं. नवं टेबल ऋजुताच्याच हाताखाली राहिलं, डिफॉल्टसकट. ते रिकामं आहे की नाही हे दर तासाला बघायचं, एवढी भर तिने घातली. म्हणजे माझी हरकतही खोटी नव्हती आणि तिचा चौकोनही. या सगळ्याला आता सात वर्षं होतील.

पण त्या सोमवारची एक गोष्ट सांगायची राहिली. समिती उठल्यावर मी घरी गेलो नाही, दवाखान्यात गेलो. इतके दिवस माझी हिंमत झाली नव्हती. संध्याकाळची भेटायची वेळ होती. बाबाराव खाटेवर टेकून बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत आणि छातीपासून दूर धरलेले. त्याची बायको त्याला चमच्याने वरण-भात भरवत होती. मला बघून तिने पदर सावरला आणि स्टूल पुढं सरकवलं.

"या सायेब," बाबाराव म्हणाला. "बसा."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याचा फोन, तो ठेवल्यावर मी काय केलं, आणि ती अकरा मिनिटं. त्याच्या बायकोचा चमचा मधेच थांबला. मी म्हणालो, "बाबाराव, मला माफ कर."

त्याने आपल्या पट्ट्यांकडे बघितलं.

"कायले केलं, सायेब?" त्याने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"तिचं नाव व्हायला लागलं होतं," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

"गावंडे बाईचं?"

"तू ओळखतोस तिला?"

"आता ओयखतो. बुधवारी सकाळीच आल्ती ना ते. आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी." त्याने हनुवटीने स्टुलाकडे खूण केली. "अथीसाच बसली होती. रडून राह्यली होती पोरगी. म्हने, माह्या चुकीनं झालं काका, मले माफ करा. मी म्हनलं, बाई, तुह्या चुकीनं कसं? मी त काळमेघ सायेबाले सांगतलं होतं."

"हे तू तिला सांगितलंस? बुधवारी?"

"सांगतलं. मंग थे गप झाली. म्हने, सायेब इसरले असतीन."

म्हणजे शनिवारी माझ्या टेबलापाशी आली, तेव्हा तिला दोन्हीकडून कळलेलं होतं. तरी तिने मला विचारलं होतं.

बाबारावने तोंड उघडलं, बायकोने घास भरवला. तो सावकाश चावत राहिला. जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत उभा होतो. माफी मागायलाही ती माझ्या आधी येऊन गेली होती, आणि त्याचासुद्धा मला हेवा वाटला.